आकारामची झील

आटपाडीच्या माळावर दुपार तापली की मेंढरंसुद्धा एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. हरणाबाई सोप्यात टेपासमोर बसली होती, नावडत्या विहिणीसमोर बसावं तशी, तोंड वाकडं करून.

टेप ज्योतिबानं आणला होता. तिचा हा लेक साताऱ्यात रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं टेपात नखाएवढी काळी चिप बसवली होती. आवाज आला की तांबडा दिवा लागायचा आणि फीत फिरायची.

"तू थांबलीस की ह्योबी थांबतो, आये. पर लगीच न्हाई. तंबाखू मळून हुईस्तोवर वाट बघतो, मग दिवा इझतो."

"तुझ्या बापापरीस शाना हाय म्हण की. त्यो माझं बोलणं संपायच्या आत घोरायचा."

बाप, आकाराम, गेल्या दिवाळीत गेला. बिरोबाच्या जत्रेत ओवी म्हणायचा मान या घराचा; यंदा ती घरात कुणाला म्हणता आली नाही तर मान भावकीत जाणार होता. ओवी गडी गायचे, बायका मागं बसायच्या. मागं बसून बसून हरणाबाईनं ती सगळी गिळली होती. आता ती टेपात भरून ज्योतिबा पाठ करणार होता.

ज्योतिबा मेंढरांकडं गेला. तिनं डोळे मिटून ओवी धरली, एकटीनंच. खरं तर ओवी एकट्यानं म्हणत नाहीत. गाणाऱ्यानं ओळ सोडली की मागच्यांनी तिचं टोक उचलायचं, ती झील. पण झील द्यायला घरात उरलं होतं कोण?

ओवीच्या शेवटी घराण्यातल्या गेलेल्या गायकांची नावं येतात. जित्या माणसाचं नाव त्यात घेत नाहीत. बाईचं तर कधीच नाही. नवऱ्याचं नाव हरणाबाईनं जन्मात उच्चारलं नव्हतं. ते आज घेतलं. ती थांबली.

दिवा लागलेलाच.

वारा नव्हता. मेंढरं गप्प. माळावरचं ऊन दुधावर साय धरावी तसं जाड झालं होतं. एवढ्या वेळात तंबाखू मळून, खाऊन, थुंकूनही झाली असती.

फीत फिरतच होती. कुणाचं तरी ऐकत होती.

"बिघडलंय बघ तुझं डबडं," ज्योतिबा आल्यावर ती म्हणाली. त्यानं टेप बंद करून परत चालू केला, टाळी वाजवली. दिवा लागला, थोड्या वेळानं विझला. चोख.

मग त्यानं फीत मागं फिरवून लावली.

तिचा आवाज आला. प्रत्येक ओळीचं टोक कुणीतरी उचलत होतं, खर्जात, जरा मागं रेंगाळत. ज्योतिबाचा हात टेपावरच राहिला.

आकारामचं नाव आलं. तिचा आवाज थांबला.

दुसरा थांबला नाही. त्यानं पुढचं नाव घेतलं.

"हरणा."

ज्योतिबानं खटकन बटण दाबलं.

"जन्मभर अगं ए, अगं ए," हरणाबाई म्हणाली. "आता सापडलं व्हय नाव."

"आये, ह्यो आबाचा..."

"मी बहिरी न्हाई."

ज्योतिबानं टेप पालथा करून सेल काढले, जमिनीवर ठेवले.

दिवा तांबडाच होता. वाट बघत होता.

हरणाबाईनं पदर डोक्यावर सावरला, आणि झील द्यायला हळूच गळा खाकरला.