लांब पल्ल्याचा प्लग

वहिनी मोटरसायकल ढकलत माझ्या गॅरेजच्या दारात आली, तेव्हा मी एका स्कूटरचं चाक खोलत होते. तिच्या मागून आई जवळजवळ धावतच आली.

"सांग हिला काहीतरी. भंगारात दे म्हटलं तर ऐकत नाही. म्हणे, मीच चालवणार."

"गाडी माझ्या नावावर आहे, आई," वहिनी म्हणाली. "आणि कामावर मला जायचंय, तुम्हाला नाही."

मी पाना पुसत राहिले. या दोघींच्या मध्ये पडायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. आई पाय आपटत निघून गेली.

गाडी कागदावर वहिनीची, फिरवायचा दादाच. लग्नानंतरही सुट्टी मिळाली की तो एकटाच भटकायला निघायचा. वहिनी तयार होऊन दारात उभी असायची, आणि तो "पुढच्या वेळी नक्की" म्हणत किक मारायचा. अशाच एका सुट्टीच्या दिवशी नदीच्या पुलावर गाडी स्टँडवर लावलेली सापडली, किल्ली गाडीलाच. दादा सापडला नाही. तेव्हापासून ती घरामागच्या शेडमध्ये कुलूपबंद होती.

"सुरूच होत नाही. बघा की, वन्सं." वन्सं ती मला फक्त चिडवायला म्हणते.

मी जुनं पेट्रोल काढलं, नवं भरलं. स्पार्क प्लग गंजून बसला असणार म्हणून पान्यावर जोर लावला, तर तो लोण्यातून निघावा तसा फिरला. टोकावर कोरडी, तांबूस छटा. रोज व्यवस्थित पळणाऱ्या इंजिनाचा प्लग असा असतो. बंद पडण्याआधी नीट चालली असेल, असं मी मनाशी म्हटलं. नवा प्लग घेतला, ठिणगीची फट मोजली, बसवला. गाडी सुरू झाली.

दुसऱ्या सकाळी वहिनी पुन्हा ढकलत हजर.

प्लग काढून मी उजेडात धरला. टोकाची कड झिजून गोल झाली होती, फट दुप्पट. वर्षभर गाडी पिदडल्यावर होते तशी. किलोमीटरचे आकडे मात्र कालचेच.

"डुप्लिकेट माल आला असेल," मी म्हणाले.

"सकाळी इंजिन कोमट होतं," वहिनी म्हणाली. "शेडचं कुलूप मीच उघडलं."

मी हट्टाला पेटले. लांब पल्ल्याच्या गाड्यांना एक वेगळा प्लग घालतात, कोल्ड प्लग. तो उष्णता पटकन बाहेर टाकतो. तासन्‌तास सुसाट पळणाऱ्या इंजिनात तो टिकतो. गल्लीबोळात फिरवला तर काजळी धरून बंद पडतो. मी मुद्दाम तोच घातला. वहिनीला गल्लीतच भरपूर फेऱ्या मारायला लावल्या. मग गाडी गॅरेजमध्ये आत घेतली आणि किल्ली खिशात टाकली. काजळी धरलीच पाहिजे होती.

दुपारी शटर अर्धं ओढून मी गाडीसमोरच डबा खायला बसले. ती कधीच थंड झालेली होती. खाता खाता आवाज आला. टिक. टिक. लांबून आलेली गाडी उभी केली की तापलेला धातू आकसताना करतो तसा. मग तापलेल्या ऑइलचा वास.

मी वहिनीला फोन करून बोलावून घेतलं. तिच्यासमोर प्लग काढला. चटका बसला म्हणून फडक्यात धरला. काजळीचा ठिपका नाही. स्वच्छ, तांबूस.

"म्हणजे?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे ही लांब जाऊन आली."

तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

प्लग माझ्या हातात होता. त्याची वायर बाजूला लोंबत होती. किल्ली माझ्या खिशात होती.

मी प्लगच्या भोकापाशी तळवा धरला. आत पिस्टन हलत असता तर तिथून हवा आली असती; साधा झोतसुद्धा लागत नव्हता. इंजिन मात्र एका लयीत चालत होतं.

मी मागे सरकले. वहिनी पुढे झाली.

"बंद कर," ती म्हणाली.

इंजिन चालूच.

"ऐकू येत नाही? दारात उभी ठेवून जायचास, तेव्हा गप्प बसले. पुलावर गेलास, तेव्हाही मला विचारलं नाहीस. आता रोज जातोस, आणि तरी एकटाच?" तिचा आवाज कापत होता, पण चढत होता. "यापुढे ही गाडी माझ्याशिवाय हलायची नाही. नाहीतर आत्ता इंजिनात वाळू ओतते. शप्पथ."

इंजिन थांबलं.

रस्त्यावरचा एक हॉर्न ऐकू आला.

"बसव तो प्लग."

"वहिनी, नको ना."

"बसव म्हणते ना!"

मी बसवला. तिनं किल्ली मागून घेतली, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गेली.

तेव्हापासून ती रोज त्याच गाडीनं कामावर जाते. प्लग पुन्हा झिजला नाही. आईनं दोनदा विषय काढला, वहिनीनं दोन्ही वेळा उडवून लावला.

परवा ती चाकात हवा भरायला आली. सीटच्या पार मागच्या टोकाला बसली होती, हँडल हात ताणून धरलेलं.

"पुढे सरकून बस की," मी म्हणाले. "खांदे दुखतील."

"बरी आहे अशीच," ती म्हणाली, आणि गाडी बंद केली.

तिच्या पुढची सीट दबलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू फुगून वर आली.

मग वहिनी उतरली.