लाल पत्रक

चौदा वर्षांत केतकी नाडगौडा यांची अकरा भाकितं चुकली, असं त्यांना त्यांच्याच केंद्राच्या सभागृहात, त्यांनीच मागवलेला चहा पीत सांगण्यात आलं.

मॉरिशसमधल्या पोर्ट लुई बंदरावरच्या टेकडीवर एकवीस देशांनी मिळून हे उष्मा-भाकीत केंद्र चालवलं होतं. २०७१ सालचा फेब्रुवारी चालू होता. केतकी केंद्राची संचालक होती, आणि समोर बसलेल्या सेशेल्सच्या मोरेलबाई करार-समितीच्या अध्यक्ष. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या पुढ्यात एक तक्ता होता. त्यात डावीकडे केंद्राचं भाकीत, उजवीकडे मे महिन्यात प्रत्यक्ष काय घडलं ते. अकरा वर्षी डावीकडे 'प्राणघातक उष्मा' आणि उजवीकडे 'सामान्य' असं लिहिलेलं होतं. उरलेल्या तीन वर्षी समुद्र मुळातच थंड होता, तेव्हा दोन्हीकडे 'सामान्य'.

केतकीनं दरवर्षी सांगितलेलंच पुन्हा सांगायला घेतलं. केंद्र मोजतं तो साधा पारा नव्हे, ओलपारा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसतो तो आकडा. तो तेहतिसाच्या वर गेला की अंगावरचा घाम वाळेनासा होतो, आणि मग धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या जागी काही तासांत दगावतो. २०५२ च्या मे महिन्यात कच्छपासून ओमानपर्यंतच्या किनाऱ्यावर सहा दिवसांत नव्वद हजार माणसं अशीच गेली. म्हणून करार झाला, म्हणून मीठतांडा आला. चाळीस जहाजं अरबी समुद्रात जाऊन खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार वर सोडतात. त्यातल्या मिठाच्या कणांमुळे ढग जास्त पांढरे होतात, ऊन परतवून लावतात, खालचा समुद्र निवतो आणि किनाऱ्याकडे येणारी दमट हवा तीनेक अंशांनी उतरते.

"आम्ही उष्मा येणार म्हणून सांगतो, म्हणून तांडा निघतो. तांडा निघतो म्हणून उष्मा येत नाही," ती म्हणाली. "भाकीत चुकावं यासाठीच तर ते केलेलं असतं."

मोरेलबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की तक्त्यात तशी नोंद करायला जागा नाही. शिवाय तांड्याच्या फवारणीत दोन महिने मासेमारी बंद राहते. केनियाच्या लामू बेटावरचे मच्छीमार विचारतात, की जो उष्मा कधी येतच नाही त्याच्यासाठी आम्ही होड्या किती वर्षं ओढून ठेवायच्या? या प्रश्नाला उत्तर म्हणून समितीनं नैरोबीहून एक नवं यंत्र आणलं होतं आणि ते बनवणारीलाही बोलावलं होतं.

ती वाम्बुई न्जोरोगे. दहा वर्षांपूर्वी याच इमारतीत केतकीच्या हाताखाली दोन वर्षं शिकून गेलेली. तिच्या आईकडचे सगळे लामूचे मच्छीमार. तिनं बनवलेलं यंत्र म्हणजे संगणकातलं स्वयंशिक्षित प्रारूप; ते हवेच्या नियमांची गणितं सोडवत बसत नसे. चाळीस वर्षांच्या नोंदी वाचून कशानंतर काय होतं ते आपलं आपण ताडत असे. एकेक वर्ष झाकून ठेवून तिनं त्याला विचारलं होतं. करारानंतरच्या चौदाच्या चौदा वर्षी त्यानं 'सामान्य' असं सांगितलं, आणि ते चौदाही वेळा बरोबर निघालं.

"त्याला तांड्याची माहिती दिलीस का?" केतकीनं विचारलं.

"देता येत नाही, डॉक्टर. भाकीत द्यायचं एकतीस मार्चला. तांडा निघतो त्यानंतर. पुढची गोष्ट आधीच सांगणं म्हणजे उत्तरपत्रिका दाखवणं. तुम्हीच शिकवलंत हे मला. एकतीस मार्चच्या आत जे जे प्रसिद्ध होतं ते सगळं त्याला देते. कशाला महत्त्व द्यायचं ते त्याचं ते ठरवतं."

"म्हणजे उष्मा आला नाही हे त्याला माहीत आहे. का आला नाही ते माहीत नाही."

"पण चौदापैकी चौदा बरोबर," वाम्बुई म्हणाली. तिच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. "मी मामाला काय सांगू?"

केतकीकडे यावर उत्तर होतं, पण ते अर्ध्या तासाचं होतं, आणि मोरेलबाईंनी घड्याळ बघितलं होतं. ठराव झाला. यंदापासून अधिकृत भाकीत वाम्बुईच्या यंत्राचं. दोन भाकितांनी गोंधळ नको म्हणून केंद्रानं दहा मार्चला काढायचं आपलं प्राथमिक पत्रक काढू नये, अनौपचारिकसुद्धा नाही. या पत्रकाला किनाऱ्यावर सगळे लाल पत्रक म्हणत. करार झाल्यापासून, धोका दिसला त्या प्रत्येक वर्षी ते निघालं होतं.

मार्च चिडचिडीत गेला. समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला होता. केंद्राचं जुनं प्रारूप चालवणारे विष्णू बाबाजी रोज सकाळी आकडा सांगायला येत. सात-आठ पिढ्यांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर आलेल्या माणसांचे ते वंशज. त्यांच्या मराठीत बेटावरच्या क्रिओल बोलीतले शब्द मिसळलेले असत, पण आकडे ते मराठीतच सांगत. तेहतीस पूर्णांक आठ. मग चौतीस. मग चौतीस पूर्णांक दोन.

केतकीनं समितीला तीन पत्रं लिहिली. पहिल्याची पोच आली. दुसऱ्याला उत्तर आलं, की आपला मुद्दा पुढील वार्षिक बैठकीच्या विषयपत्रिकेत घेण्यात येईल. तिसऱ्याला उत्तर म्हणून दुसऱ्याचंच उत्तर पुन्हा आलं. कच्छमधल्या मांडवीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला फोन करून विचारलं, यंदा पत्रक आलं नाही, म्हणजे काळजी नाही ना? तिनं बर्फाचा साठा वाढवून ठेवा एवढंच सांगितलं. माणसं मरतील हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते सांगायला मनाई आहे, ती का, तर आजवर आपलं ऐकून माणसं वाचली म्हणून. हे कुणाला सांगावं तर हसू यावं असं होतं. तिला हसू येत नव्हतं.

एकतीस मार्चला तिनं ठरवलं, की नोकरी गेली तर जावो. पत्रक लिहून तयार होतं. बाबाजींनी ते एकवीस देशांच्या यादीला जोडून ठेवलं होतं. संध्याकाळी पाचला भाकिताची मुदत संपत होती. दुपारी अडीचला ती पाठवणार, तेवढ्यात दारात वाम्बुई उभी. नैरोबीहून सकाळच्या विमानानं आलेली, डोळे सुजलेले.

"पाठवलंत?" तिनं आत येतायेता विचारलं.

"नाही अजून."

वाम्बुई खुर्चीत बसली. यंत्रानं यंदाचं भाकीत चौतीस पूर्णांक तीन दिलंय, असं तिनं सांगितलं. चार दिवस ती यंत्रातला बिघाड शोधत होती. मग तिनं एकेक नोंद बंद करून बघायला सुरुवात केली. पावसाच्या नोंदी काढल्या, फरक नाही. वाऱ्याच्या काढल्या, थोडा फरक. सातशे नोंदी तपासल्यावर ती सापडली.

"तुमचं लाल पत्रक," ती म्हणाली. "समुद्र तापलेला आणि पत्रक निघालेलं, तर मे सामान्य. समुद्र तापलेला आणि पत्रक नाही, तर माणसं मेलेली, करारापूर्वीच्या सगळ्या वर्षांत. चाळीस वर्षांत त्याला याहून पक्की खूण मिळालीच नाही. चौदापैकी चौदा बरोबर आलं ते तुमच्या जिवावर. यंदा पत्रक नव्हतं."

यंत्रानं उष्मा टळण्याचं कारण शोधून काढलं होतं, अगदी बरोबर शोधलं होतं, फक्त मधल्या चाळीस जहाजांचा त्याला पत्ता नव्हता.

"आणि मी हे आत्ता पाठवलं असतं तर?"

"पाचपर्यंत प्रसिद्ध झालेलं सगळं ते वाचतं. वाचलं असतं आणि 'सामान्य' म्हणालं असतं. मी करून बघितलंय. आकडा एकतीस येतो."

म्हणजे तांडा निघाला नसता. खरं बोलण्यानं माणसं मेली असती. मोरेलबाईंना सगळं समजावून सांगावं असं वाम्बुईला वाटत होतं. केतकीला बाई ठाऊक होत्या. कळलं तर त्या म्हणतील, यंत्राला नेहमीची एक नोंद मिळालेली नाही, माहिती अपुरी आहे, आधी ती पुरवा. आणि नियमानं त्यांचं बरोबरच असेल.

चार वाजता फोन आलाच. यंत्राचा आकडा बघून बाई हबकल्या होत्या. चाळीस जहाजं हलवायची म्हणजे जबाबदारी मोठी. तर डॉ. नाडगौडांनी दोन ओळींत लेखी दुजोरा द्यावा, म्हणजे समितीला आधार होईल. पत्रकावरची मनाई त्या लगेच उठवायला तयार होत्या.

केतकीनं समोरच्या वाम्बुईकडे बघितलं. चौदा वर्षं ती ज्या वाक्याची वाट बघत होती ते आज आलं होतं, पण पाचच्या आत तिनं काहीही लेखी दिलं तर यंत्र ते वाचणार होतं.

"मला या विषयावर काही म्हणायचं नाही," ती म्हणाली.

बाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलं, की इतक्या वर्षांचा अनुभव असलेल्या शास्त्रज्ञाकडून ऐन वेळी असा रुसवा त्यांना अपेक्षित नव्हता. केतकीनं तेही ऐकून घेतलं. पाच वाजले. चौतीस पूर्णांक तीन हे अधिकृत भाकीत झालं, आणि करारातल्या कलमानुसार आठवड्याभरात तांडा समुद्रात शिरला.

मे महिन्यात मांडवीचा ओलपारा एकतीसच्या पुढे गेला नाही. दवाखान्यात बर्फ उरला. लामूत होड्या पुन्हा दोन महिने वाळूत राहिल्या आणि वाम्बुईच्या मामानं तिच्याशी बोलणं टाकलं. जूनच्या बैठकीत समितीनं तक्त्यात वाम्बुईच्या नावापुढे पहिली चूक लिहिली.

तिनं त्याच बैठकीत उभं राहून सगळं सांगितलं. पुढचंही सांगितलं. यंत्र यंदाच्या वर्षातून शिकणार. समुद्र तापलेला, पत्रक नाही, तरी मे सामान्य. हे त्यानं आता बघितलंय. पुढच्या वर्षी पत्रक असो वा नसो, त्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येणार नाही. गप्प राहण्याचा उपाय एकदाच चालणारा होता. केंद्राला गप्प बसवून चालणार नव्हतं आणि सगळं यंत्रावर सोपवूनही. समितीनं नाइलाजानं दोघींना मिळून काम करायला सांगितलं.

वर्षभर त्या भांडत काम करत राहिल्या. यंत्राला तांडा शिकवला, पण घडलेली गोष्ट म्हणून नव्हे, प्रश्न म्हणून: तांडा निघाला तर काय होईल, आणि नाही निघाला तर काय? जुन्या प्रारूपालाही तेच विचारलं. आणि केतकीनं हट्ट धरला म्हणून लामूचं नुकसानही त्यात मोजलं: तांडा निघाला तर किती मासळी जाईल, कमी जहाजं पाठवली तर किती राहील. मामा पुन्हा बोलू लागला, निदान शिव्या द्यायला तरी.

२०७२ च्या मार्चअखेर त्यांनी एका पानाचं भाकीत समितीपुढे ठेवलं. तांडा निघाला नाही तर ओलपारा चौतीस पूर्णांक एक. पंचवीस जहाजं निघाली तर बत्तीस, आणि मासेमारी तीन आठवडे बंद.

मोरेलबाईंनी पान वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचलं. दरवर्षी त्यांच्यापुढे एक आकडा येई आणि तो आकडाच काय करायचं ते सांगे. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"यातला खरा आकडा कोणता?"

"तुम्ही ठरवाल तो," केतकी म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि हे दोघींनी लेखी द्यावं असं सांगितलं.