मुलांना समजलेलं नाही

कोन गावच्या नाक्यावर शेअर रिक्षात उन्नतीच्या शेजारी एक तरुण येऊन बसला. पुढे कंटेनरची रांग लागलेली. रिक्षा हलेना, आणि तो फोनवर कुणाला तरी सांगत होता की आज एका हट्टी मॅडमना वळवायचं काम त्याच्या गळ्यात पडलंय. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार, आपला विषय किती मुलांना समजला याचे आकडे सगळ्यांनी छान दाखवलेत. या अर्थशास्त्राच्या बाई मात्र म्हणतात, मुलांना समजलेलंच नाही.

त्याने फोन ठेवल्यावर उन्नती शांतपणे म्हणाली, "त्या मॅडम मीच."

त्याचे कान लाल झाले. "मी... धनेश. संख्याशास्त्र. नवीनच आलोय."

उन्नतीने हसू लपवायला मान बाहेर वळवली.

कॉलेजात त्याने तिला समजवायचा प्रयत्न केला. गुण चांगले आहेत, मग मुलं शिकली असंच धरायचं. ती म्हणाली, वर्गात येऊन स्वतःच विचारा. तो आला. सूत महागलं की कापडाचं काय होतं, त्याने विचारलं. मुलांनी व्याख्या धडाधड म्हटल्या. आपल्या शब्दांत सांगा म्हटल्यावर सगळे गाइडची पानं उलटू लागले. खिडकीतून शेजारच्या निजामपुऱ्यातल्या, कापड विणणाऱ्या लूमची खडखड येत राहिली.

शेवटी पहिल्या बाकावरची रीमा म्हणाली, "सर, गाइडमध्ये एवढंच आहे."

त्यानंतर धनेश आकडा बदलायला सांगायचा थांबला. मुलांना समजेल असं कसं शिकवायचं, यावर दोघं रोज कॅन्टीनमध्ये वाद घालू लागले. चहा निवायचा.

"चिडलात की तुमची डावी भुवई वर जाते," तो एकदा म्हणाला.

"संख्याशास्त्रात भुवया मोजतात?"

"दोनच आहेत. चूक होत नाही."

ती त्या दिवशी उगाचच दोनदा आरशात बघून आली.

उन्नती कंत्राटी होती. प्राचार्यांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, आकडा सुधारा, नाहीतर पुढच्या वर्षी या कॉलेजात दिसणार नाही. ती न्हाय म्हणून बाहेर आली. घरच्या बोलीतलं, ठाम न्हाय.

मग प्राचार्यांनी धनेशलाच आकडा वाढवून समितीपुढे मांडायला सांगितलं. समिती आली तेव्हा त्याने पडद्यावर तिचाच आकडा ठेवला. समितीतल्या बाईंनी विचारलं, हा विषय कोण शिकवतं?

उन्नती उभी राहिली. "मी. मुलं कमी पडलेली नाहीत, आमची शिकवायची पद्धत कमी पडली. ती आम्ही बदलतोय. पण समजलं नसताना समजलं असं मी लिहिणार नाही."

बाईंनी चष्मा काढून प्राचार्यांकडे पाहिलं. "आणि बाकीच्या विषयांचे आकडे कसे काढलेत?"

प्राचार्य समोरचे कागद चाळू लागले.

जिन्यात उन्नतीने धनेशला गाठलं. "माझ्यासाठी नोकरी धोक्यात घालायला कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्यासाठी नाही घातली. आकडा खरा होता." तो थांबला. "तुमच्यासाठी... वेगळं काहीतरी करायचंय. जन्मभर. तुम्ही हो म्हणालात तर—"

"मला काढणार आहेत, माहितीये ना?"

"मलाही काढतील. दोघं मिळून दुसरीकडे अर्ज करू. तिथेही असंच वागू."

तासाची घंटा झाली. वरून मुलांचा गलका ऐकू आला. उन्नती दोन पायऱ्या चढली आणि वळली.

"वर्ग घेऊन येते," ती म्हणाली. "तू जाऊ नकोस."