खोट काढलेलं घर

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यानं सिमेंटचं परमिट काढून पाहिलं नसावं. त्र्यंबकच्या कचेरीतले अंबादास राजारामपुरीत घर बांधत होते. तीन पावसाळे गेले, जोत्यावर अजून शेजारची शेळीच राहत होती, आणि ती भाडं देत नव्हती. हे पाहून त्र्यंबकनं ठरवलं, घर घ्यायचं ते तयारच.

मंगळवार पेठेतलं ते घर बाळाबाईचं. नवरा वारलेला, आता लेकीकडं इचलकरंजीला जायचं, म्हणून विकायला काढलेलं.

"मालकांनी सोता बांधलंया," ती म्हणाली. "चुना मळून मळून छातीत बसला. घर उभं ऱ्हायलं आन् मानूस खोकून खोकून गेलं."

भाव पाडायचा तर आधी नावं ठेवायची, ही म्हैस घेतानाची रीत. त्र्यंबकनं तीच इथं चालवली. शेपटी तेवढी उचलून पाहिली नाही.

"भिंतीला ओल आहे," तो म्हणाला.

भिंत खडखडीत होती. बाळाबाईनं तरी पदरानं पुसून पाहिली. पदर कोरडाच. त्र्यंबक तिच्याकडं न बघता पुढं सरकला.

"दार घासतंय. विहिरीच्या पाण्याला वास येतोय."

"पावणं, घरात उभं ऱ्हाऊन वंगाळ बोलू नगासा. वास्तू तथास्तु म्हनती."

"मग भावालाही तथास्तु म्हणू दे की!"

ती हसली नाही. "ही मागची खोली तरी बगा. दिसभर ऊन. म्हाताऱ्या मानसाला लई ब्येस."

"आमच्यात म्हातारं कुणी नाहीच," त्र्यंबक म्हणाला.

त्याची आई, माई, त्या वेळी भाड्याच्या खोलीत बसून नव्या घरासाठी वाती वळत होती.

घर पडत्या भावात मिळालं. किल्ली देताना बाळाबाईनं उंबऱ्यावरून हात फिरवला. त्र्यंबक खाली मान घालून चपला शोधत राहिला. चपला पायातच होत्या.

मागची खोली माईनं घेतली. दिवसभर उन्हाला पाठ देऊन ती खूश होती.

मग भर चैत्रात भिंत ओलावली. पुढं दार घासायला लागलं. विहिरीचं पाणी कालिंदीनं, त्याच्या बायकोनं, नाकाला लावून ओतून दिलं.

"त्या बाईनं फसवलं हो आपल्याला!"

"हो," त्र्यंबक म्हणाला.

त्या 'हो'नं त्याला झोप येईना. शेवटी एका दुपारी, घरात सगळी पेंगत असताना, तो भिंतीसमोर उभा राहिला. "ओल नव्हती. दार घासत नव्हतं. पाणी गोड होतं. मी खोटं बोललो."

भिंतीची माफी मागणारा तो कोल्हापुरातला पहिलाच कारकून असावा.

संध्याकाळी भिंत कोरडी. दार अलगद फिरलं. त्र्यंबक ओंजळीनं विहिरीचं पाणी प्याला आणि हलक्या मनानं जेवायला आला.

पानं दोनच होती.

"माईचं पान?"

"कोण माई?" कालिंदीनं विचारलं.

तो मागच्या खोलीकडं धावला. माईच्या जागी, भिंतीला टेकून, जोंधळ्याचं पोतं होतं.

आमच्यात म्हातारं कुणी नाहीच. ते वाक्य त्याला आत्ता आठवलं. घराची खोट म्हणून ते तो बोललाच नव्हता; म्हणून दुपारी मागं घ्यायचंही राहिलं होतं.

माजघरात येऊन त्यानं दोन्ही हात भिंतीवर टेकले. "आहे! आमच्यात म्हातारं माणूस आहे!"

कोण, ते सांगायचं राहिलं.

मग मागच्या खोलीतून खोकला आला. कोरडा, छातीत चुना बसल्यासारखा. पुरुषाचा.

कालिंदीनं डोक्यावर पदर घेतला आणि तिसरं पान मांडलं.

"हळू बोला," ती म्हणाली, "मामंजी उठले."