व्हायोलिन हाव म्हणते

विणकाम अर्धं, कॉम्प्युटरचा क्लास अर्धा, योगा तर आठवड्यातच गुंडाळलेला. अशा प्रतिमानं जुनं व्हायोलिन घरी आणलं तेव्हा तिचा नवरा सौमित्र पोट धरून हसला. त्याचं हसणं म्हणजे तिसऱ्या घरात ऐकू जाणारं. "हेबी चार दिवसाचंच कौतिक!" तो म्हणाला. बुलढाण्याच्या कोर्टात कारकुनी करणाऱ्या प्रतिमाला ते असं झोंबलं म्हणता! या खेपेला सोडायचं नाही, तिनं मनाशी गाठच मारली.

पण गाठ मारून सूर थोडेच लागतात? संध्याकाळी कोर्टातून आली की ती मांडी घालून बसायची, गजाला राळ घासायची, आणि मग जे काही निघायचं त्यानं गल्लीतली कुत्री उठून जायची. बोटं सोलली. एकदा तर तिनं व्हायोलिनची पेटी उचलून माळ्यावर टाकली.

"धीर धरा, बाई," तिचे गुरुजी नीळकंठराव म्हणाले, "सूर बराबर बसला का वाद्य सोताच हाव म्हणते."

आणि एका संध्याकाळी ते म्हणालं.

पंचम लागला, तिनं गज उचलला, आणि छातीशी टेकलेल्या लाकडातून कोणीतरी हळूच म्हटलं, "हाव."

प्रतिमाच्या अंगावर काटा आला, पण खरं सांगायचं तर आनंदानंच. आजवर तिला कोणी इतक्या मनापासून हो म्हटलं होतं? दुसऱ्या दिवशी ती चहासुद्धा न घेता वाजवायला बसली.

हात भराभर सुधारला. रोज हाव, रोज नवा सूर. त्याच सुमारास कुकर बिघडला. वाफ जायची, शिट्टी वाजायची नाही. दोनदा डाळ करपली. नवी शिट्टी आणली, तीही मुकी. मग फाटकाची करकर थांबली. बरंच झालं, तिला वाटलं.

एकदा टीव्हीसमोर सौमित्र हसताना दिसला. तोंड उघडं, पोट हलतंय, डोळ्यांत पाणी. आवाज नाही.

"तुम्ही हसून राह्यले का?" तिनं विचारलं.

"मंग काय रडून राह्यलो?" तो म्हणाला. त्याच्या काही ध्यानातच आलं नव्हतं.

ती तशीच व्हायोलिन घेऊन गुरुजींकडे गेली. सगळं ऐकून त्यांनी व्हायोलिनवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "मी ते बोलाची गोष्ट म्हनून सांगतलं होतं, बाई. मले आजलोक असं काही आयकू आलं नाही. ठेवून द्या ते."

पण ठेववेना. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट जमत होती हो तिला! एकदाच वाजवू, उद्यापासून बंद, असं म्हणत ती बसली. आतल्या खोलीत तिची लेक छकुली शाळेचे समानार्थी शब्द घोकत होती.

"लोभ म्हणजे हाव. लोभ म्हणजे हाव."

प्रतिमाचा गज तारेवर होता. तो थांबायच्या आत सूर लागून गेला.

"हाव," लाकूड म्हणालं.

आतलं घोकणं बंद पडलं.

"छकुले? काय म्हनली वं तू?"

छकुली दारात आली. ओठ हलले. पुन्हा हलले. मग तिनं दोन्ही हातांनी गळा धरला.

प्रतिमा व्हायोलिनवर ओरडली, "माह्या लेकीचा आवाज दे! देतं का नाही?"

"हाव."

या वेळी ते छकुलीच्या आवाजात म्हणालं.

प्रतिमानं ते जमिनीवर आपटायला उचललं, तशी छकुली हाताला लोंबकळली. पोरीनं आपला आवाज ओळखला होता. तिनं व्हायोलिन सोडवून आईच्या मांडीवर ठेवलं. खाली पडलेला गज उचलला, रोज बघून शिकली होती तशी त्याला राळ घासली. घासल्याचा आवाज आला नाही.

मग तिनं गज आईच्या हातात दिला आणि ऐकायला समोर बसली.

प्रतिमानं मांडी घातली. आता सोडायचं नव्हतं.