डासांचा डबा

बसा, बसा. हा पाऊस काही इतक्यात उघडत नाही, आणि तुमची बस चढण चढून यायला अजून अवकाश आहे. तोवर आपल्या दुवानची गोष्ट ऐका. प्रेमाची आहे हो... पण सुरू होते डासांपासून, आधीच सांगून ठेवतो.

असाच पाऊस होता. दुवान आईच्या गाड्यावर अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजत उभा. तेवढ्यात एक पोरगी पायऱ्यांवरून धावत आली अन् पत्र्याखाली शिरली. केसांतून पाणी ठिबकतंय, एका कानातलं डूल कुठंतरी गळालेलं. आणि अंगातला रेनकोट काढून तिनं एका पांढऱ्या डब्याला गुंडाळलेला!

दुवान बघतच राहिला.

"काय एवढं जपताय? तान्हं लेकरू आहे का आत?"

"डास आहेत."

"आं?"

"डासांची अंडी. अजून भिजायला नकोत."

"अहो बाई, आमच्याकडं डास फुकट मिळतात. तुम्ही कशाला वाहून आणता?"

ती हसली. झालं... पोरगं तिथंच संपलं.

मार्लेनी तिचं नाव. आरोग्याच्या नव्या कामावर होती. म्हणाली, "आमचे वेगळे आहेत. यांच्या पोटात एक बारका जंतू असतो. तो असला की हाडमोड्या तापाचं, त्या डेंग्यूचं, विष यांच्यात नीट वाढत नाही. हे उडाले की इथल्या डासांशी संसार थाटतात, आणि आईचा जंतू पोरांत उतरतो. हळूहळू सगळी गल्लीच तसली होते."

"म्हणजे तुम्ही डासांची लग्नं जुळवता."

"जुळवते."

"आणि माणसांची?"

"तुमची अरेपा जळतेय," ती म्हणाली.

डबा दुवाननं ठेवून घेतला, हे काय सांगायला हवं? अंगणात सावलीला टांगायचा, पाणी घालायचं, आणि मारायचं कुणाला नाही. दर मंगळवारी ती बघायला येणार होती. जाताना मात्र पायरीवर घुटमळली.

"या गल्लीत कुणीच डबा घेत नाही हो. तुमचा फसला, तर मला पलीकडच्या टेकडीवर धाडतील."

त्या दिवसापासून गड्याचा जीव थाऱ्यावर नाही. मीठ घातलंय का नाही, आठवेना. दर घटकेला अंगणात जाऊन डब्यात डोकवायचा. आत वळवळ सुरू झाली तर असा खूश, जसं काही बारसं आहे!

आणि मंगळवारच्या सकाळी डब्याला ब्लीचचा वास.

"आई! काय केलंस हे?"

ओफेलियाबाई हात पुसत बाहेर आल्या. "काय म्हणजे? अळ्या दिसल्या, ब्लीच ओतलं."

आता बाईचं तरी काय चुकलं? आमच्या टेकडीवरच्या बायकांना दवाखान्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं हेच शिकवलं. पाण्यात काही वळवळलं की हात आपोआप ब्लीचच्या बाटलीकडं जातो.

"मागल्या साली त्या तापानं माझी हाडं पिळून काढली," बाई कडाडल्या, "आणि तू डास पाळतोस? पोरीपायी?"

दुवाननं डबा धुतला, शेजारच्या लिसान्द्रोच्या पिंपातून ओंजळभर अळ्या काढल्या, आणि आत सोडल्या.

मार्लेनी आली. झाकण उघडलं, आणि चेहरा असा उजळला तिचा...

"अय्या, बघा तरी! कशा नाचतायत! मला वाटलंच नव्हतं..." तिचा हात नकळत दुवानच्या हातावर पडला. ज्या हातासाठी हा इतके दिवस तळमळला, तोच आता निखाऱ्यासारखा लागायला लागला.

"मार्लेनी... या तुमच्या नाहीत. तुमच्या मेल्या. या पिंपातल्या आहेत."

तिनं हात काढून घेतला.

"म्हणजे ताप देणाऱ्याच पोसल्या असत्या आपण? तुझ्याच आईच्या अंगणात?"

"हो."

"का केलंस असं?"

"तू पलीकडच्या टेकडीवर गेली असतीस..."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मार्लेनीनं डबा पत्र्याखालच्या कोरड्या मातीत उपडा केला आणि ताडकन वळली. दुवानला वाटलं, गेली. पण ती फाटकाकडं गेलीच नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"ओफेलियाबाई, ताप आला तेव्हा तुमच्या उशाशी कोण होतं?"

"कोण असणार? हाच. चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसायचा."

मार्लेनीच्या कपाळावरची आठी सैलावली. मग पिशवीतून नवा डबा काढून तिनं बाईंच्या हातात दिला. "हा तुमच्याकडं. याच्यावर माझा भरवसा नाही. पुन्हा ताप नको ना घरात? मग ब्लीच कुलपात घाला."

बाईंनी डबा उलटा-सुलटा करून पाहिला. "बघायला येशील?"

"डबा बघायला येईन. याला नाही हं."

"डबा मी सांभाळते गं," बाई म्हणाल्या, "तू यालाच बघ."

दुवान दारात भिजत उभा होता. मार्लेनीनं त्याच्याकडं पाहिलं, लाल झाली, आणि म्हणाली, "बघतोस काय... एक अरेपा भाज. जाळू नकोस."

आता गल्लीत घरोघरी डबे आहेत, आणि तो गाडा दोघं मिळून चालवतात. ती बघा, आली तुमची बस. पण जाता जाता एवढं ऐका. तुमच्या दंडावर तो बसलाय ना? त्याला मारू नका. हळूच फुंकर घाला. आमच्या ओफेलियाबाईंच्या घरचा असेल.