सनई दोनदा वाजली

सनई वाजते. लग्न कुठेच नाही.

*

मेथीची जुडी, गल्लीच्या कडेला. देठ चिरडलेले, पाला अजून हिरवागार.

*

सायकलवाला पांढऱ्या गाडीवर ओरडतो, "ओ ताई, भुतासारख्या काय येता? आवाज तरी करा!"

*

पाणी सांडलंय. ग्लास शेजारीच, कोरडा.

*

"पहिली चाल मागे पडता कामा नये."

*

देवराम बोडक्यांच्या डोक्यात हे तुकडे अजूनही असेच सुटे फिरतात. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर ते नाशिक रोडला उत्तरा कुलथे यांच्या तपास कचेरीत बसू लागले. बसू लागले म्हणजे नावाला. एक पाय कायम हलत असायचा आणि खुर्ची कुरकुरायची.

त्या सकाळी खुर्चीपेक्षाही अस्वस्थ माणूस दारात आलं.

"माझ्या नवऱ्याला धरलंय," ती म्हणाली. "मी वैष्णवी. समाधान पगार माझे मालक. मधुमालती सोसायटीत गायधनींच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. ती बॅटरीवरची पांढरी गाडी."

"कशासाठी धरलंय?" उत्तराने विचारलं.

"भाजीवाली रंगूबाई. काल संध्याकाळी तिला गाडीची धडक बसली. ती अजून शुद्धीवर नाही. सगळे म्हणतात, यांनीच उडवली आणि पळाले. पण हे तर गाडी दुपारीच लावून, चावी वर देऊन सिन्नरला गेले होते, आईकडे. ज्या वडापच्या जीपने गेले, त्या जीपवाल्याला चेहरा आठवत नाही. बाई, ते आत गेले तर लायसन गेलं, आणि लायसन गेलं तर आमचं काय?"

"गाडी लावताना कोणी पाहिलं?"

"नाही. तेव्हा टँकर आला होता, मोटर धडधडत होती. कोणाला ऐकू पण आलं नसणार."

"ऐकू काय यायचं?" देवरामांनी विचारलं. "बॅटरीच्या गाडीला आवाज कुठे असतो?"

"असतो की. सावकाश चालली की पुढून घुंई घुंई येतं, लोकांना कळावं म्हणून. कंपनीनेच घातलेला आवाज. हे तर त्याच्याशिवाय गाडी इंचभर हलवत नाहीत. आणि मागे घेतली की सनई वाजते."

"सनई?"

"गायधनी आजोबांची हौस."

*

सोसायटीची गल्ली अरुंद होती. एका बाजूला इमारतीखाली पार्किंगचे खण, समोर कंपाउंडची भिंत. गायधनींची गाडी खणात उभी होती, तोंड गल्लीकडे, शेपूट आत.

उत्तरा खणात वाकली. फरशी स्वच्छ. मग ती गल्ली ओलांडून समोरच्या भिंतीपाशी गेली. तिथे मेथी पडली होती, आणि कोणीतरी धुवायचा प्रयत्न केलेला डाग.

"रंगूबाई इथे सापडली?"

"इथंच," खिडकीतून आवाज आला. तळमजल्यावरच्या बायडाबाई गजाला नाक लावून उभ्या होत्या. "भिंतीला चिकटून पडली होती बिचारी. पाटी तिकडं. मला समदं ऐकू आलं."

"काय ऐकलं, मावशी?"

"सनई वाजली. म्हटलं, आली गायधनींची गाडी. मंग बाई वरडली. मंग जरा थांबून परत सनई. मी गुडघ्याची, उठून येईपर्यंत गाडी जागेवर, माणूस कोणीच नाय. तेच सांगितलं पोलिसांना. दोनदा मागं घेतली म्हणे त्यानं, घाबरून."

"सनई वाजली म्हणजे गाडी आली, असं का?"

"अवो, त्यांच्यात तसंच हाय. आत घालताना उलटी, निघताना सरळ. सनई म्हंजे आली, घुंई म्हंजे गेली. आख्ख्या सोसायटीला ठावं हाय. पोरंबाळंसुदिक सनई ऐकली की भिंतीला लागून उभी ऱ्हातात."

"आणि काल घुंई कधी ऐकलीत?"

"नाय ब्वा. काल सनईच."

देवरामांनी मान हलवली. "म्हणजे समाधानच. गाडी तोच आणतो."

"गाडी फाटकातून खणापर्यंत सरळ येते ना, देवरामभाऊ?" एवढंच म्हणून उत्तरा जिना चढली.

*

वर तनय गायधनी लॅपटॉप मिटत उठला. सिन्नरच्या कारखान्यात नोकरी, वय तिशीचं, चेहरा न झोपलेला.

"समाधान असं करेल वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"वाटत नव्हतं तर मग मानलंत कसं?"

"काल संध्याकाळी मी कारखान्यात होतो, अपूर्वा ऑफिसात. चावी खुंटीला. दुसरं कोण उरतं?"

"हा उलटी लावायचा नियम कोणाचा?"

"बाबांचा. घरातून निघताना पहिली चाल मागे पडता कामा नये. त्यांनी घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगण्यात आयुष्य घालवलं, असले नियम त्यांच्याकडे पोत्याने. गाडी तोंड आत करून लावली तर जेवत नाहीत."

"पुढचा आवाज बंद करता येतो?"

"बटण आहे. दाबलं की बंद. सनई मात्र बंद होत नाही. तो डबा बाबांनी बाहेरून बसवून घेतला, थेट मागच्या दिव्याच्या वायरीवर."

"ते बटण कोण दाबतं?"

"कोणीच नाही."

"कोणीतरी दाबलंय," स्वयंपाकघरातून अपूर्वा, त्याची बायको, म्हणाली. "पोलिसांचा पंचनामा झाल्यावर आज सकाळी मी गाडी नेली तर सायकलवाल्याने शिव्या घातल्या. भुतासारख्या येता म्हणे. बघते तर आवाज बंद. मीच चालू केला."

आतल्या खोलीत चिंतामणराव देवासमोर बसले होते. बोटांत जपमाळ, डोळ्यांवर जाड काळा चष्मा.

"या," ते म्हणाले. "अपूर्वा, यांना पाणी." आणि तांब्या स्वतःच उचलून ओतू लागले. धार ग्लासच्या शेजारून टेबलावर वाहत गेली. देवरामांनी घाईने तांब्या धरला.

"डोळ्यांचं काय झालं, काका?"

"उतारवय. लायसन काढून घेतलं मुलाने. तसं कागदावर जप्त नाही, कपाटात जप्त."

"काल संध्याकाळी काही ऐकलंत?"

"मी जपाला होतो. जपात मला काही ऐकू येत नाही."

खाली कुठेतरी सनई वाजली. देवराम दचकून खिडकीकडे वळले.

"आपली नाही," चिंतामणराव माळ ओढत म्हणाले. "ती शेवटच्या खणातल्या सावंतांची, आपलं बघून बसवलेली. आपल्या सनईचा सूर वरचा आहे."

उत्तराने पाण्याचा तो कोरडा ग्लास उलटा करून ठेवला.

*

"सगळे खाली या," ती म्हणाली.

गल्लीत सगळे जमले. वैष्णवी फाटकापाशी पदर पिळत उभी. बायडाबाई खिडकीत. चिंतामणराव तनयच्या दंडाला धरून.

"देवरामभाऊ, भिंतीकडे तोंड करून उभे राहा. पाटी खाली ठेवल्यासारखं वाका. आता मागे सनई वाजली तर काय कराल?"

"काय करणार? गाडी आत चालली. उभा राहीन."

"वळून बघणार नाही?"

"कशाला? भिंतीला लागलोय की. गाडी तर माझ्यापासून लांब..." देवराम बोलता बोलता थांबले. ते हळूच सरळ झाले आणि भिंतीपासून दूर सरकले.

"रंगूबाईंनी नेमकं तेच केलं," उत्तरा म्हणाली. "गाडी उलटी आत जाताना तिचं शेपूट खणाकडे जातं. माणूस चिरडलं तर खणात. खणाची फरशी स्वच्छ आहे. बाई पडली समोरच्या भिंतीशी. म्हणजे शेपूट गल्लीकडे येत होतं. गाडी आत येत नव्हती, बाहेर निघत होती. उलटी."

"आमची गाडी उलटी निघत नाही," तनय म्हणाला.

"काल निघाली. कारण काल ती तोंड आत करून उभी होती. पहिली सनई बाहेर काढताना. दुसरी, नियमाप्रमाणे पुन्हा आत घालताना. मधे रंगूबाई. हे काम नियम ठाऊक असलेल्या माणसाचं."

"मग तोंड आत करून लावली कशाला?" देवराम पुटपुटले.

"उलटी लावली की सनई वाजते. सनई वाजली की सगळ्यांना कळतं, गाडी आली. ज्याला गाडी नेलेलीच कळू द्यायची नव्हती, त्याने पुढचा आवाज बटणाने बंद केला, गुपचूप बाहेर पडला, गुपचूप परतला आणि सरळ आत घातली. मग ध्यानात आलं की मुलगा येईल, उलटं तोंड पाहील. फिरवावी तर लागणारच. सनईचा डबा बंद होत नव्हता." ती तनयकडे वळली. "तुम्हाला स्वतःची गाडी लपवून न्यायची गरज काय? अपूर्वाताई तर हवी तेव्हा नेतात. समाधान दिवसभर चालवतो, त्याने आणली असती तर फाटकापासून घुंई ऐकू आली असती. या घरात एकाच माणसाला चालवायची मनाई आहे. त्याला सावंतांच्या सनईचा सूर कळतो. आणि काल घरचीच सनई दोनदा वाजली, बाई किंचाळली, ते मात्र ऐकू आलं नाही."

तनयने वडिलांचा दंड सोडला.

"कॉलेजच्या मैदानापर्यंतच नेली," चिंतामणराव म्हणाले. "एक फेरी. कोणाच्या आधाराशिवाय. धक्का बसला तेव्हा मला वाटलं, पाटी आहे."

"आणि मग?"

"मग दिसलं. जवळ गेल्यावर." त्यांनी माळ खिशात टाकली. "पण गाडी तशीच कशी ठेवू? ती आत तर घालायलाच हवी होती."

"बाई पडलेली असताना?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"डोळ्यांना दोष देता येईल, काका," उत्तरा हलक्या आवाजात म्हणाली. "पण समाधानला इथूनच नेलं, तेव्हा तुम्ही बाल्कनीत उभे होता, वैष्णवीने पाहिलंय. ते तर दिसलं असेल."

"मी हाक मारणार होतो," म्हातारा म्हणाला. "जीभ उचलली नाही."

वैष्णवी पुढे आली. तिला वाटलं होतं, आपण ओरडू. ती एवढंच म्हणाली, "चला. चौकीत चला. आत्ता."

तनयने चावी काढली आणि गाडीकडे निघाला. चिंतामणरावांनी मान हलवली. "पायी."

ते चालू लागले, एका हाताने भिंत चाचपत. वैष्णवी चार पावलं मागून, नजर न हलवता. देवराम म्हाताऱ्याच्या शेजारी चालले. त्याच्या चालीशी आपली चाल जुळवावी असं त्यांना वाटत नव्हतं, तरी जुळवावी लागली.

चौकीच्या पायरीवर देवरामांना दवाखान्यातून फोन आला. रंगूबाईने डोळे उघडले होते. पहिलं काय विचारलं, असं देवरामांनी विचारलं, तेव्हा परिचारिका म्हणाली, "गाडी आत गेली का."

काल संध्याकाळी रंगूबाईची पाटी जवळपास रिकामी होती. ती सोसायटीत शिरली ती गायधनी आजोबांसाठी राखून ठेवलेली मेथीची शेवटची जुडी द्यायला.